लॉगिनच्या अलीकडे : एक प्रस्तावना

राउटर, स्विच, फायरवॉल, वायरलेस कंट्रोलर यांपैकी कोणत्याही उपकरणाचा आयपी पत्ता ब्राउझरमध्ये टाकला, की बहुधा एक पान उघडते. वर कंपनीचे बोधचिन्ह आणि खाली युजरनेम-पासवर्डचे दोन चौकोन. नेटवर्क उपकरणांचे हे वेब व्यवस्थापन सुरक्षित कसे ठेवायचे, या विषयाच्या अभ्यासात तुम्ही नव्याने येत असाल, तर तुमचे मनापासून स्वागत. नवख्याचे लक्ष आधी त्या दोन चौकोनांवर खिळते, कारण आपले शिकवणेही तिथूनच सुरू होते. पासवर्ड लांब हवा, कंपनीने दिलेला मूळ पासवर्ड बदलायला हवा, जमल्यास ओटीपीही हवा. हे सगळे खरे आणि आवश्यक आहे. पण या क्षेत्राचा गाभा त्या चौकोनांच्या अलीकडे आहे, असे मला ठामपणे वाटते. पान उघडले याचाच अर्थ, आपण कोण हे कळण्याआधी उपकरणाने आपल्यासाठी बरेच काम केले. ते काम कोणत्या प्रोग्रॅमने केले, कोणत्या अधिकाराने केले आणि कोणाकोणासाठी करायला तो तयार असतो, हे तपासत गेले की या विषयाचा बहुतेक विस्तार उलगडत जातो.

अनोळखी माणसाने पत्ता टाकल्यावर उपकरण आधी त्याची टीसीपी जोडणी स्वीकारते. मग टीएलएसची बोलणी होतात, प्रमाणपत्र दाखवले जाते, किल्ल्या ठरतात. पुढे एचटीटीपी विनंती वाचायची, यूआरएलमध्ये टक्केचिन्ह वापरून लिहिलेली सांकेतिक अक्षरे उलगडायची, कुकी आहे का ते पाहायचे, आणि मागितलेले पान सर्वांना खुले की लॉगिननंतरचे, हे ठरवायचे. यातले प्रत्येक पाऊल म्हणजे कोणीतरी लिहिलेला कोड आहे आणि तो कोड जगातल्या कोणाच्याही इनपुटवर चालतो. शिवाय ज्या यंत्रावर तो चालतो, ते मुळात पॅकेट इकडून तिकडे पोचवण्यासाठी बनलेले असते. वेब सर्व्हर हे त्यावरचे जोडकाम. या जोडकामात चूक राहिली, तर हल्लेखोराला पासवर्ड ओळखावा लागत नाही. पासवर्ड विचारलाच जात नाही.

याचे जुने आणि अभ्यासायला सोपे उदाहरण २००१ सालचे आहे. त्या वर्षी २७ जूनला सिस्कोने आपल्या आयओएस प्रणालीतल्या एचटीटीपी सर्व्हरबद्दल सूचना प्रसिद्ध केली. आयओएसमध्ये अधिकाराच्या ० ते १५ अशा पायऱ्या असतात. १५ म्हणजे सर्वाधिकार. वेब पत्त्यातच पायरीचा आकडा लिहिण्याची सोय होती. त्या जागी १६ ते ९९ यांमधला योग्य आकडा सापडला, की उपकरण पासवर्ड न विचारता सर्वाधिकाराचा हुकूम पाळत असे. जी पायरी अस्तित्वातच नाही तिचा आकडा उपकरण नाकारत नव्हते. त्या प्रसंगातला एक तपशील मात्र फारसा सांगितला जात नाही आणि मला तो जास्त मोलाचा वाटतो. ज्यांनी ओळख पटवण्याचे काम उपकरणातल्या स्थानिक यादीवर न ठेवता वेगळ्या टॅकॅक्स प्लस किंवा रेडियस सर्व्हरकडे सोपवले होते, ते या उणिवेतून सुटले. निर्णय दुसरीकडे होत होता, म्हणून दारातली चूक निभावली.

बावीस वर्षांनी त्याच कंपनीच्या आयओएस एक्सई प्रणालीत जे घडले, ते या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाने तपशिलात वाचावे. १६ ऑक्टोबर २०२३ रोजी वेब इंटरफेसमधली एक उणीव जाहीर झाली. तिचा क्रमांक सीव्हीई-२०२३-२०१९८ आणि तीव्रता १० पैकी १०. हल्ले त्याआधीच, सप्टेंबरपासून, सुरू होते. हल्लेखोर लॉगिन न करता उपकरणावर पायरी १५चे नवे खाते उघडत होते, मग दुसऱ्या एका उणिवेचा आधार घेऊन उपकरणात स्वतःचा छोटा प्रोग्रॅम पेरत होते. इंटरनेटवर उघड्या असलेल्या उपकरणांपैकी बाधितांची संख्या काही दिवसांतच ४० हजारांच्या घरात गेली. त्यांतल्या कित्येक ठिकाणी पासवर्ड उत्तम असतील. त्याने काही फरक पडला नाही.

पुढे संशोधकांनी उणिवेचे मूळ शोधले तेव्हा कारण कळले. उपकरणाच्या आत एका वेब सर्व्हरमागे दुसरी सेवा होती. पुढचा सर्व्हर यूआरएल पाहून ठरवायचा की ही विनंती आतल्या सेवेकडे जाऊ द्यायची नाही. हल्लेखोरांनी पत्त्यातले एक अक्षर दोनदा सांकेतिक करून पाठवले. पुढच्याने एकदाच उलगडले आणि त्याला तो पत्ता ओळखीचा वाटला नाही, म्हणून त्याने अडवले नाही. आतल्याने पुन्हा उलगडले आणि त्याला तोच बंदी असलेला पत्ता दिसला. पण आपल्यापर्यंत आलेले सगळे तपासूनच आलेले असणार, या विश्वासावर त्याने हुकूम पाळला. दोन प्रोग्रॅम एकच ओळ दोन अर्थांनी वाचतात आणि त्या फटीतून माणूस आत जातो, हा प्रकार वेब सुरक्षेच्या अभ्यासकांना नवा नाही. नेटवर्क शिकवणाऱ्या आपल्या अभ्यासक्रमांत मात्र त्याला जागा नसते. रूटिंग प्रोटोकॉल पाठ असलेला अभियंता यूआरएल कशी उलगडली जाते याकडे कधी वळलेला नसतो, आणि वेब सुरक्षेतला जाणकार स्विचच्या आत डोकावत नाही. या दोन विद्यांच्या मधली मोकळी जागा हेच आपले क्षेत्र आहे, आणि तिथे काम करणारी माणसे फार थोडी आहेत.

त्याच ऑक्टोबरात आणखी एक गोष्ट घडली. २१-२२ तारखेच्या सुमारास बाधित उपकरणांची संख्या एकाएकी कोसळली. पॅच तर २२ तारखेला येऊ लागला होता, एवढ्या झपाट्याने तो कोणी लावलेला असणे शक्य नव्हते. नेदरलँड्समधल्या फॉक्स-आयटी या कंपनीने खुलासा केला : हल्लेखोरांनी आपला पेरलेला प्रोग्रॅम बदलला होता. विशिष्ट हेडर असल्याशिवाय तो आता बाहेरच्या तपासणीला उत्तरच देत नव्हता. आजार गेला नव्हता, लक्षण दिसेनासे झाले होते. तो प्रोग्रॅम रीबूटनंतर टिकत नसे, पण उघडलेली खाती टिकत. त्यामुळे केवळ उपकरण बंद-चालू करून निश्चिंत झालेल्यांच्या घरात परकी किल्ली तशीच राहिली.

मग करायचे काय? उत्तराची दिशा मला जुन्या वाड्यांच्या रचनेत दिसते. आलेला माणूस थेट सदरेवर जात नसे. त्याची विचारपूस देवडीवर व्हायची, आणि देवडीवरचा पहारेकरी सदरेवरच्या कारकुनापेक्षा वेगळा असायचा. लॉगिनचे पान सदरेसारखे आहे. आपली तपासणी त्याच्या आधी, वेगळ्या जागी आणि वेगळ्या यंत्राने व्हायला हवी. अमेरिकेच्या सिसा या सायबर सुरक्षा संस्थेने १३ जून २०२३ रोजी तिथल्या केंद्रीय नागरी खात्यांना दिलेला बंधनकारक आदेश नेमके हेच सांगतो. व्यवस्थापनाचा इंटरफेस इंटरनेटवर उघडा सापडला, तर १४ दिवसांत तो इंटरनेटवरून काढावा, किंवा त्याच्या पुढे प्रवेश-नियंत्रण उभे करावे. आणि ते नियंत्रण त्या इंटरफेसहून वेगळे असावे. ‘वेगळे असावे’ ही अट त्या आदेशाचा प्राण आहे. चार महिन्यांनी ऑक्टोबरात जे घडले, त्यात ही अट पाळणारे सुरक्षित होते.

प्रत्यक्षात या देवडीची अनेक रूपे दिसतील. व्यवस्थापनासाठी वेगळी व्हीलॅन किंवा वेगळे पोर्ट, उपकरणावरच ठरावीक पत्त्यांनाच उत्तर देणारी एसीएल, व्हीपीएनमागचा जंप सर्व्हर, आणि मोठ्या जाळ्यांत संपूर्ण वेगळ्या तारांवर चालणारे आउट-ऑफ-बँड नेटवर्क. त्यांतली कोणती कुठे योग्य, हा तपशील पुढच्या अभ्यासाचा. एक इशारा मात्र आत्ताच देतो. उपकरणावरची एसीएल वेब सर्व्हरच्या आत तपासली जाते की त्याच्या आधी, पॅकेट पातळीवर, हे प्रत्येक उत्पादनात वेगळे असते. विनंती वाचून झाल्यावर ‘तू कोठून आलास’ असे विचारणाऱ्या एसीएलचे संरक्षण पुष्कळ कमी असते. कॉन्फिगमध्ये ओळ दिसली म्हणून समाधान मानू नये. पॅकेट पकडून पाहावे.

इथवर वाचून कोणी म्हणेल की व्यवस्थापनाचे पान फक्त आतल्या जाळ्यातून उघडू दिले की प्रश्न संपला. तो संपत नाही, कारण आतल्या जाळ्यात ब्राउझर आहे. इंडियाना विद्यापीठातले सिड स्टॅम व मार्कस जेकबसन आणि सिमँटेक या सुरक्षा कंपनीचे झुल्फिकार रमझान यांनी २००६च्या अखेरीस एक कल्पना मांडली. घरातल्या माणसाने बाहेरचे एखादे दुष्ट पान उघडले, तर त्या पानातली जावास्क्रिप्ट त्याच्याच ब्राउझरमधून घरातल्या राउटरला विनंती पाठवू शकते. राउटरचा मूळ पासवर्ड बदललेला नसेल, तर ती आत शिरून डीएनएसची नोंद बदलते. राउटरच्या दृष्टीने विनंती घरातूनच आलेली असते. जानेवारी २००८मध्ये मेक्सिकोत अशा तऱ्हेचा खरा हल्ला दिसला. तिथे तर जावास्क्रिप्टचीही गरज पडली नाही. ईमेलमध्ये चित्राचा पत्ता म्हणून राउटरला द्यायचा हुकूमच लिहिलेला होता. चित्र आणायला गेलेल्या संगणकाने तो हुकूम पोचवला आणि एका बँकेचे नाव दुसऱ्याच ठिकाणी नेऊ लागले.

ब्राझीलमध्ये हेच संकट प्रचंड प्रमाणावर आले. कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीचे फाबिओ अस्सोलिनी यांनी २०१२मध्ये व्हायरस बुलेटिन परिषदेत मांडलेल्या माहितीनुसार २०११मध्ये तिथले सुमारे ४५ लाख डीएसएल मॉडेम बाधित झाले होते. वेब पॅनेलमधल्या उणिवेतून हल्लेखोर आत गेले आणि डीएनएसचे पत्ते बदलले. पुढे माणसे नेहमीची संकेतस्थळे उघडायला गेली, की त्यांच्यापुढे घातक प्रोग्रॅम किंवा बँकांची बनावट पाने येत. संगणकात व्हायरस शोधून काही हाती लागत नव्हते, कारण बिघाड कोपऱ्यात लुकलुकणाऱ्या डब्यात होता. आपल्याकडे जुलै २०१७मध्ये बीएसएनएलच्या ब्रॉडबँड ग्राहकांचे मॉडेम एका मालवेअरने बंद पाडले, तेव्हा कंपनीला मूळ पासवर्ड बदलण्याचे आवाहन करावे लागले. मूळ पासवर्डाच्या प्रश्नावर आता कायदे आले आहेत. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२०पासून आणि ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४पासून सगळ्या डब्यांना एकच पासवर्ड देऊन विकता येत नाही. त्याहून अधिक त्यावर इथे लिहीत नाही. तो प्रश्न सुटण्याच्या मार्गावर आहे. परक्या पानाने आपल्या ब्राउझरकरवी हुकूम देण्याचा प्रश्न मात्र प्रत्येक नव्या उत्पादनात नव्याने तपासावा लागतो. प्रत्येक बदलाच्या विनंतीबरोबर गुप्त टोकन मागितले जाते का, कुकीला सेमसाइटचे बंधन आहे का, ‘होस्ट’ हेडर तपासला जातो का, हे पाहण्याची सवय लावून घ्या. आणि उपकरणांसाठी वेगळा ब्राउझर, शक्य असेल तर वेगळा संगणकच ठेवा, हा साधा सल्ला मी अजून प्रत्येकाला देतो.

आता टीएलएसकडे. साध्या एचटीटीपीवरच्या बेसिक पद्धतीत पासवर्ड बेस६४मध्ये जातो. ती कुलूपबंद पद्धत नव्हे. वाटेत पॅकेट पाहणारा कोणीही तो वाचू शकतो. म्हणून एचटीटीपी बंद आणि एचटीटीपीएस चालू, हे निर्विवाद. टीएलएस १.० आणि १.१ या आवृत्त्या मार्च २०२१मध्ये इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या आयईटीएफने अधिकृतपणे मोडीत काढल्या. जुन्या उपकरणांत त्या अजून जिवंत सापडतात. पण नेटवर्क उपकरणांतली एचटीटीपीएसची खरी कथा प्रमाणपत्रांची आणि किल्ल्यांची आहे. डबा पहिल्यांदा चालू होतो तेव्हाच तो स्वतःसाठी किल्ली बनवतो. त्या क्षणी त्याच्यापाशी ना माउसच्या हालचाली असतात, ना डिस्कची खडखड. यादृच्छिकता गोळा करायला काही नसते. मग एकाच साच्यातले अनेक डबे सारख्याच किंवा एकमेकींशी नाते असलेल्या किल्ल्या बनवतात. नादिया हेनिंजर, झाकिर दुरुमेरिक, एरिक वुस्ट्रो आणि ॲलेक्स हॉल्डरमन यांनी २०१२मध्ये इंटरनेटवरच्या सार्वजनिक किल्ल्या गोळा करून त्यांचे मसावि काढले. शाळेत शिकलेला तोच मसावि. दोन किल्ल्यांत एक मूळसंख्या सामाईक निघाली की दोन्हींचे गुपित उघडे पडते. अशा रीतीने टीएलएस वापरणाऱ्या यजमानांपैकी ०.५० टक्क्यांच्या खासगी किल्ल्या त्यांना काढता आल्या, आणि त्यांत मुख्यतः राउटर, फायरवॉल अशी उपकरणेच होती. या क्षेत्रातले इतके सुंदर काम मी दुसरे वाचलेले नाही. ज्यांना गणित आवडते त्यांनी इथूनच आत यावे.

प्रमाणपत्राची दुसरी बाजू माणसाच्या सवयीची आहे. उपकरण स्वतःच सही केलेले प्रमाणपत्र दाखवते, ब्राउझर इशारा देतो, आणि अभियंता रोज त्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष करून पुढे जातो. ज्या दिवशी मध्ये खरोखर कोणी उभा असेल, त्या दिवशीही तोच इशारा दिसेल आणि बोट तिथेच जाईल. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९मध्येच दाखवले होते की अशा इशाऱ्यांकडे मोठ्या संख्येने माणसे दुर्लक्ष करतात. यात माणसाचा दोष काढण्यात मला रस नाही. संस्थेने स्वतःची अंतर्गत प्रमाणपत्र-यंत्रणा उभी करून प्रत्येक उपकरणाला खरे प्रमाणपत्र द्यायला हवे. हे काम कंटाळवाणे आहे, आणि म्हणूनच ते स्वयंचलित करण्याची गरज आहे.

नोंदींबद्दल थोडक्यात. सर्ट-इन या भारताच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार भारतातल्या संस्थांनी घटना ६ तासांत कळवायच्या, लॉग १८० दिवस राखायचे आणि घड्याळे एनआयसी किंवा एनपीएलच्या वेळेशी जुळवायची. वेब पानावरून कोण आत आले, त्याने काय बदलले, ही नोंद उपकरणाबाहेरच्या सर्व्हरवर जायला हवी. उपकरण ताब्यात गेले की त्यातली नोंदही ताब्यात जाते.

या क्षेत्रातल्या जाणकारांत एक मत प्रचलित आहे : वेब इंटरफेस सरळ बंद करा, खरा अभियंता सीएलआय, म्हणजे हुकूम टंकून काम करण्याची पद्धत, वापरतो. २०२३च्या ऑक्टोबरात पॅच येईपर्यंत एचटीटीपी सर्व्हर बंद करा, हाच योग्य सल्ला होता, हे मान्य. मोठ्या नॉकमध्ये, म्हणजे जाळ्यावर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रात, जिथे रात्रपाळीलाही प्रशिक्षित माणूस बसलेला आहे, तिथे तो कायमचा बंद ठेवता येतो आणि ठेवावा. पण तालुक्याच्या गावातल्या पतसंस्थेत संगणक, प्रिंटर, सीसीटीव्ही आणि फायरवॉल हे सगळे एकाच माणसाच्या गळ्यात असते. त्याला वेब पान हाच एक मार्ग आहे. त्याला सीएलआय शिक म्हणणे म्हणजे त्याचा प्रश्न नाकारणे. या क्षेत्राचे मोजमाप त्या माणसाला सुरक्षितपणे काम करता येते का, यावरून व्हावे. बॉक्समधून काढल्याबरोबर उपकरणाचा बाहेरच्या बाजूचा वेब इंटरफेस बंदच असला, तर त्याला काही न शिकताही अर्धे संरक्षण मिळते. ही जबाबदारी बनवणाऱ्यांची आहे, आणि ती त्यांच्याकडून मागण्याचे ज्ञान अभ्यासकांकडे असले पाहिजे.

कुलपे घट्ट करण्यालाही मर्यादा आहे. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकचे जाळे देखभालीच्या एका चुकीच्या हुकुमाने जगापासून तुटले. त्या वेळी नेहमीचा आणि आउट-ऑफ-बँड असे दोन्ही मार्ग बंद पडले, हे कंपनीने स्वतः लिहिले आहे. अभियंत्यांना डेटा सेंटरवर प्रत्यक्ष जावे लागले, आणि तिथल्या उपकरणांत सहज फेरफार करता येऊ नयेत म्हणून केलेल्या बंदोबस्तातून वाट काढण्यात वेळ गेला. संकटाच्या वेळी आपल्याच माणसाला आत कसे जाता येईल, हे आधी ठरवून, सराव करून ठेवावे लागते. प्रवेश रोखण्याइतकाच प्रवेश शाबूत ठेवणे हाही या अभ्यासाचा भाग आहे, आणि त्यावर लिहिले फार कमी गेले आहे.

अभ्यासाची सुरुवात स्वतःच्या टेबलावर करा. एक जुना मॅनेज्ड स्विच किंवा राउटर, एक लॅपटॉप आणि पॅकेट पकडून दाखवणारा वायरशार्क एवढ्यावर कितीतरी महिने शिकता येते. दुसऱ्यांच्या उपकरणांना हात लावू नका. २०१३मध्ये आलेल्या झीमॅप या स्कॅनरने संपूर्ण आयपीव्ही४ पत्तेविश्व ४५ मिनिटांच्या आत चाळता येते हे दाखवले, त्यामुळे उघडी पाने सापडणे आता अवघड राहिलेले नाही. पण मालकाच्या परवानगीशिवाय आत शिरणे हे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २०००च्या कलम ४३ आणि ६६च्या कक्षेत येते. सापडलेली उणीव बनवणाऱ्याला आणि सर्ट-इनला कळवण्याची रीत आहे. ती पहिल्या दिवसापासून अंगवळणी पाडा.

शेवटी एक न सुटलेला प्रश्न तुमच्यापुढे ठेवतो. ताब्यात गेलेले उपकरण स्वतःविषयी जे सांगते, त्यावर विश्वास किती ठेवायचा? २०२३मध्ये हल्लेखोराने उपकरणालाच खोटे बोलायला लावले आणि साऱ्या जगाची गणती चुकली. उपकरणाने आपली स्थिती दुसऱ्याला पटेल अशा पुराव्यानिशी सांगावी, यासाठी आयईटीएफने जानेवारी २०२३मध्ये आरएफसी ९३३४ ही रूपरेषा प्रसिद्ध केली. मोठ्या राउटरांत सिक्युअर बूट आणि पुराव्याच्या चिप येऊ लागल्या आहेत. पण चिप सांगते ते बूट होतानाच्या सॉफ्टवेअरविषयी. नंतर चालत्या वेब सर्व्हरच्या स्मृतीत काय पेरले गेले, ते तिला सहसा कळत नाही. कॉन्फिगमध्ये वाढलेले एखादे खाते तर तिच्या दृष्टीने पूर्णपणे वैध असते. इथे हार्डवेअर जाणणाऱ्यांची, ऑपरेटिंग सिस्टिमवाल्यांची आणि रोज शेकडो कॉन्फिग बॅकअप एकमेकांशी ताडून पाहणाऱ्या नॉकमधल्या मंडळींची एकत्र गरज आहे. तुम्ही यांतल्या कोणत्याही बाजूने आलात तरी करण्यासारखे काम भरपूर पडले आहे.